पायऱ्या आणि पिशव्या

५ फेब्रुवारी, सोमवार

आज डॉक्टरबाईंनी केबिनमध्ये बोलावून घेतलं. त्या आमच्या रक्तपेढीच्या प्रमुख. वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, बोलायला गोड, पण एकदा ठरवलं की ठरवलं. म्हणाल्या, मार्चअखेर तुम्ही निवृत्त होणार, मग हा प्रोग्राम कोण सांभाळणार? तो जुन्या भाषेत लिहिलेला, आतलं सगळं एकट्या तुम्हाला ठाऊक. तेव्हा तो नव्याने लिहून घ्यायचं ठरलं आहे. बाहेरून एक अनुभवी बाई येतील, तुम्ही त्यांना सगळं समजावून द्यायचं.

मी बरं म्हटलं. एकतीस वर्षांत तो एक दिवसही बंद पडलेला नाही, एवढं मात्र ऐकवून आले. त्यांनी मान हलवली, रुग्णाच्या नातेवाइकांचं ऐकताना हलवतात तशी.

दारापाशी पोचले तेव्हा त्यांनी येणाऱ्या बाईंचं नाव सांगितलं, आणि मी दाराची मूठ धरून उभीच राहिले. मुंगी. त्यांनी अर्थात खरं नाव घेतलं. पण मी तिला मनातसुद्धा कधी दुसऱ्या नावाने हाक मारलेली नाही, वहीत तरी कशाला मारू.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. हे पेपरातलं कोडं सोडवत होते. म्हणाले, "तीच ना, आपल्याकडे बटाटे सोलता सोलता भांडायची ती?"

भांडायची नाही, मुद्दा मांडायची, असं मी म्हटलं. मग माझं मलाच नवल वाटलं. मी कशाला तिची बाजू घेतेय?

७ फेब्रुवारी, बुधवार

दोन दिवस जुनंच आठवतंय. लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

आम्ही दोघी एकाच दिवशी रुजू झालो. एक खोली, एक कॉम्प्युटर, दोन खुर्च्या. त्यातली एकच चाकांची, तिच्यासाठी रोज सकाळी चढाओढ. कॉम्प्युटरला धूळ सोसत नाही असं मोठ्या डॉक्टरांच्या (तेव्हाचे प्रमुख; वारले, सहा वर्षं झाली) मनात कुणीतरी भरवलं होतं, म्हणून चपला बाहेर. फरशी इतकी गार की आम्ही पाय खुर्चीवर घेऊन बसायचो. ती बुटकी, सतत चालू, डबासुद्धा फिरत फिरत खायची. म्हणून मुंगी. ती मला हेडबाई म्हणायची. का, ते तिलाच माहीत.

दोघींनी मिळून नळीकाकांच्या मागे महिनाभर हिंडून काम समजून घेतलं. नळीकाका म्हणजे प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ. तेव्हा ते पंचविशीतच होते, पण चालणं-बोलणं असं की 'काका' आपोआप चिकटलं, आणि खिशात कायम काचेच्या नळ्या. रक्तदात्याची नोंद, पिशवीला क्रमांक, गट, रोगांच्या चाचण्या, मग फ्रिज, मागणी आली की जुळवून देणं, पस्तीस दिवस उलटले की काढून टाकणं. एक्स-रेच्या रिकाम्या पाकिटांच्या पाठीवर आम्ही ह्याच्या चौकटी नि बाण काढले आणि भिंतभर लावले. प्रोग्रामही तस्साच लिहिला. पायरीखाली पायरी. आधी हे कर, मग ते कर, तसं नसेल तर इकडे जा. वरून खाली वाचत गेलं की रक्तपेढीचा अख्खा दिवस डोळ्यांपुढून जातो.

चाचणीसाठी खोटे रक्तदाते लागायचे. मी माझ्या सासूबाईंना घातलं, मुंगीने तिच्या घरमालकाला. दर शुक्रवारी त्या घरमालकाची मुदत संपवून आम्ही त्याला यादीतून काढायचो, आणि मुंगी टाळी द्यायची.

हे विचारतायत, एकटीच काय हसतेस.

१२ फेब्रुवारी, सोमवार

आली. केस पांढरे, रंगवलेले नाहीत. चष्मा साखळीला. चालणं तेच.

डॉक्टरबाई आमची ओळख करून द्यायला लागल्या, तर ती म्हणाली, "आमची ओळख आहे." एवढंच. मग दिवसभर मला 'मॅडम' आणि 'तुम्ही'. मीही 'तुम्ही' म्हणाले. जेवायच्या सुट्टीत ती खिडकीशी बसून डबा खात होती. बसून.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

आमचं काय झालं होतं ते एकदा सरळ मांडून ठेवते.

आठवं वर्ष होतं. तिने कुठूनसं एक जाडजूड पुस्तक आणलं, आठवडाभर वाचलं आणि सोमवारी दारातूनच सुरू झाली. म्हणे, आपण सगळं उलटं केलंय. आपण कामांची यादी केली, वस्तूंची करायला हवी होती. आपल्याकडे पिशवी म्हणजे नुसते आकडे; तिचं काय करायचं ते प्रत्येक पायरीला वेगळं लक्षात ठेवावं लागतं. त्यापेक्षा पिशवीलाच तिचं सगळं ठाऊक असू दे. गट, तारीख, चाचण्या झाल्या की नाहीत. तिचे नियम तिच्याच पोटात. मग कुणी कुठूनही मागितली तरी ती स्वतः सांगेल, मी जाऊ शकते की नाही.

मी म्हटलं, पिशव्या बोलायला लागल्या तर आपल्याला घरी बसवतील. ती हसली. पण मग ऑफिस सुटल्यावर थांबून आठ महिने ते लिहीत राहिली.

मोठ्या डॉक्टरांनी मला एकटीला बोलावून विचारलं, ह्याचं काय करू? मी जे खरं वाटलं ते सांगितलं. चालती गोष्ट मोडून शिकाऊ कल्पना बसवण्यात अर्थ नाही. 'शिकाऊ' शब्द मी वापरला की नाही, आठवत नाही. तिचं काम बासनात गेलं आणि महिन्याभरात ती नोकरी सोडून गेली. प्रोग्राम कसा लिहावा ह्यावरून माणूस एवढं रागावतं, ह्याचं मला तेव्हाही आश्चर्य वाटलं होतं.

त्यानंतर दुसरी खुर्ची मीच स्टोअरमध्ये पाठवली. उगाच जागा अडवायची.

२० फेब्रुवारी, मंगळवार

आठवडाभर रोज सहा तास शेजारी बसून काम. मी पायरी सांगते, ती विचारते, "आणि हे झालं नाही तर?" तिचे प्रश्न अजून तसेच, सुईसारखे.

आज म्हटलं, दाखवा तुमचं. तिने 'पिशवी' नावाची फाइल उघडली. सुटसुटीत आहे, नाही म्हणत नाही. मी विचारलं, सकाळी साठा मोजून अहवाल निघतो, ते कुठे आहे? तिने एक फाइल उघडली, तिथून दुसरी, तिथून तिसरी. सहा फायली झाल्या. मी बोटांवर मोजत होते. तिच्या ते लक्षात आलं.

"हे मात्र खरं आहे," ती म्हणाली. "तुमचा प्रोग्राम गोष्टीसारखा वाचता येतो. माझा वाचायचा तर एकेकाच्या घरी जावं लागतं."

तेवीस वर्षांनी कबूल केलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी आनंद झाला.

दुपारी जुन्या प्रोग्रामच्या तळाशी एक टीप सापडली. कॉम्प्युटर दुर्लक्ष करतो आणि फक्त माणसं वाचतात अशी ओळ. इंग्रजी अक्षरांत मराठी, तिने लिहिलेली: 'इथे हेडबाईशी वाद घालू नये, तिचा डबा विसरला आहे.' दोघी इतक्या हसलो की नळीकाका काच पुसायचं फडकं हातात घेऊन दारात आले. तो डबा विसरल्याचा दिवस मला आठवेना. तिला आठवत होता. तिने मला तिची अर्धी पोळी दिली होती म्हणे.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

आज मात्र मजा झाली.

नवा प्रोग्राम पारखायला तिने एकतीस वर्षांच्या सगळ्या नोंदी त्यातून जाऊ दिल्या. दीड लाखावर पिशव्या. प्रत्येक पिशवी जशी आली, जशी गेली, तशीच पुन्हा. तिच्या प्रोग्रामने चौदा पिशव्या अडवल्या. 'ही पिशवी देता येत नाही.' सगळ्या बरोबर दिलेल्या, माझ्याकडे नोंद आहे.

मी म्हटलं, तुमच्या पिशव्या फारच आगाऊ दिसतात. तिने चौदा क्रमांक कागदावर उतरवून घेतले.

घरी येताना ह्यांच्यासाठी पेरू घेतले.

२८ फेब्रुवारी, बुधवार

चूक माझी आहे.

सकाळी तिने तो कागद माझ्यापुढे सरकवला. चौदाही पिशव्या वॉर्डातून परत आलेल्या. वॉर्डाने मागवली आणि लागली नाही तर पिशवी परत येते. पण अर्ध्या तासाहून जास्त वेळ फ्रिजबाहेर राहिली असेल तर ती पुन्हा कुणाला द्यायची नाही. रक्तात जंतू वाढायची भीती असते. परत घेताना प्रोग्राम विचारतो, किती मिनिटं? जास्त असतील तर तिच्यावर 'बाजूला' अशी खूण होते, आणि पिशवी देण्याच्या प्रत्येक पायरीत आधी ती खूण पाहिली जाते.

प्रत्येक म्हणजे, एक सोडून. एकोणीस वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या रुग्णालयाला रक्त पाठवायला लागलो, तेव्हा मी नवी पायरी जोडली होती. जुनी पायरी उतरवून घेतली, खाली-वर बदल केले. खूण पाहायची ओळ उतरवायची राहिली. चार शब्दांची ओळ. मुंगी तेव्हा इथे नव्हती. कुणीच नव्हतं, मी एकटीच होते.

मी ती जागा सहा वेळा वाचली. ती शेजारी बसून होती. 'बघा' म्हणाली नाही. उठून पाण्याचा ग्लास आणून ठेवला.

१ मार्च, शुक्रवार

नळीकाकांना विचारलं. कागद त्यांच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी क्रमांक पाहिले आणि शांतपणे आपली लांबट वही काढली. म्हणाले, उशिरा परत आलेल्या पिशवीला ते स्वतः लाल पट्टी बांधतात. कॉम्प्युटरची चिठ्ठी आली की आधी पिशवी बघायची, मग चिठ्ठी. लाल पट्टी असली तर तिच्या जागी दुसरी पाठवायची आणि आठवड्याच्या मोजणीत नंतर जुळवून घ्यायचं. चौदांतल्या अकरा पिशव्यांपुढे त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलेलं आहे: 'बदलली.'

मला त्या मोजण्या आठवल्या. कधीमधी एक पिशवी चुकायची आणि मी त्यांनाच धारेवर धरायची. विचारलं, मला सांगितलं का नाही?

"एकदा सांगितलं होतं," ते म्हणाले. "तुम्ही म्हणालात, प्रोग्राम चुकत नाही, माणसं चुकतात. मग म्हटलं, आपण आपलं बघून घेऊ."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

उरलेल्या तीन पिशव्या एकाच महिन्यातल्या, अकरा वर्षांपूर्वीच्या. त्या महिन्यात काकांचा पाय मोडला होता आणि ते घरी होते.

४ मार्च, सोमवार

शनिवार-रविवार गेले कसे, कळलं नाही. त्या तीन पिशव्या कुणाला तरी चढवल्या असतील. कुणाला? ह्यांनी पत्ते काढले, मला खेळायला बसवलं. मी तीनदा हरले. हे जिंकून खूश झाल्याचं नाटकसुद्धा करेनात.

आज सकाळी मुंगी म्हणाली, तिला अहवाल द्यायचाच आहे, त्यात ती 'जुन्या नोंदींतील तफावत' असं लिहू शकते. ते खोटंही होणार नाही. निवृत्तीला चार आठवडे राहिलेत तुमच्या.

मी नको म्हटलं, आणि धीर आहे तोवर सरळ डॉक्टरबाईंच्या केबिनमध्ये गेले. उभ्यानेच सांगितलं. ती पायरी मी लिहिली, चूक माझी, काकांनी अकरा वेळा सावरलं, तीन पिशव्यांचं काय झालं ते माहीत नाही. आणि नव्या प्रोग्रामने एका दुपारात जे पकडलं ते मला एकोणीस वर्षं दिसलं नाही. तो ज्यांनी लिहिला त्यांनी हेच तेवीस वर्षांपूर्वी लिहायला घेतलं होतं आणि ते थांबवायला मी कारण झाले.

शेवटचं वाक्य बोलायचं ठरवून गेले नव्हते.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, बसा आधी. त्या रुग्णालयाला आजच पत्र लिहू. आणि नळीकाकांनाही बोलावून घेतलं. ओरडल्या नाहीत. एरवी त्या मला 'ताई' म्हणतात; आज एका वाक्यात 'मॅडम' म्हणाल्या तेव्हा मला तिथून निघून जावंसं वाटलं.

१४ मार्च, गुरुवार

उत्तर आलं. एक पिशवी वापरलीच गेली नव्हती, मुदत संपून काढून टाकली. दुसरी एका बाळंतिणीला दिली, ताप वगैरे काही नाही, पाचव्या दिवशी घरी गेली. तिसरीचे कागद त्यांच्याकडे सापडत नाहीत.

म्हणजे एक कुणीतरी माणूस आहे. बरा असेल. पुरुष की बाई, तेही मला कळणार नाही. ह्यांना म्हटलं तर म्हणाले, बराच असणार, काही झालं असतं तर तेव्हाच बोंब झाली असती. बरोबर आहे त्यांचं. तरी मी तो क्रमांक इथे लिहून ठेवते: ४०७१८.

१५ मार्च, शुक्रवार

आज शेवटी बोलले. कामाच्या मध्येच, तिचं टाइप करणं चालू असताना. म्हटलं, मोठ्या डॉक्टरांनी तुझं काम बासनात टाकलं ते माझ्या सांगण्यावरून. तोंडातून 'तुझं' निघून गेलं.

ती म्हणाली, "माहीत आहे. त्यांनी त्याच दिवशी मला सांगितलं होतं. शिकाऊ म्हणालीस."

म्हणजे वापरला होता मी तो शब्द.

मी म्हटलं, म्हणून तू रागावून गेलीस, आणि बरोबरच होतं तुझं. तिने चष्मा काढला, साखळीवर सोडला आणि माझ्याकडे पूर्ण वळून बसली.

"त्याने नोकरी सोडण्याइतका राग नव्हता आला गं. तू चुकतेस असं वाटायचं, पण ते तर रोजच वाटायचं. मी राजीनामा लिहिला तो तुला दाखवायला. आधी तुझ्या टेबलावर ठेवला. मला वाटलं, तू फाडून टाकशील. तू वाचलास आणि म्हणालीस, किल्ली ड्रॉवरमध्ये ठेवून जा."

मला हे आठवत नाही. खरंच आठवत नाही. पण मी असं म्हणाले असणार, कारण ती किल्ली ड्रॉवरमध्येच असायची.

म्हटलं, मला वाटलं तुला जायचंच आहे.

"मलाही तसंच वाटायला लागलं मग," ती म्हणाली आणि चष्मा लावून पुन्हा कामाला लागली. पाच मिनिटांनी विचारलं, "परत आलेल्या पिशवीची मिनिटं नर्सने लिहायची की काकांनी?" मी सांगितलं, काकांनी.

२२ मार्च, शुक्रवार

नव्या प्रोग्राममध्ये 'दिवस' नावाची एक फाइल केली आहे. सकाळचं उघडणं, साठा मोजणं, मुदत पाहणं, अहवाल, सगळं ओळीने, वरून खाली. पिशव्या आपापल्या अकलेने वागतात, पण दिवस पायरीपायरीने उगवतो. ही कल्पना तिची. लिहायला मात्र मला बसवलं. नवी भाषा, त्यामुळे चाळीस ओळींना तीन दिवस लागले. चुकले की ती टेबलावर बोटाने टकटक करते, पूर्वीसारखी. जिथे चार शब्दांची ती ओळ लागेल असं मला वाटलं, तिथे मी थांबले. ती म्हणाली, इथे नको, ती पिशवीच्या पोटात आहे, एकदाच. कुठूनही ये, ती आडवी येणारच.

वाद घातला मी. पिशवी आडवी का आली ते वाचणाऱ्याला इथे दिसणार कसं? मग तिने तिथे एक टीप लिहिली. फक्त माणसांसाठी.

नळीकाका येऊन बघून गेले. म्हणाले, छान आहे, पण लाल पट्टी मी बांधणारच. दोघी एकदमच म्हणालो, बांधाच.

३० मार्च, शनिवार

दहा वाजता जुना प्रोग्राम मीच बंद केला. काही वाटेल म्हणून तयारीने गेले होते, पण नेमका वॉर्डातून फोन आला, तातडीने दोन पिशव्या हव्यात. सगळे तिकडे धावले. नव्या प्रोग्रामने दोन क्रमांक दिले, काकांनी पिशव्या उचलून पाहिल्या, मान हलवली, पाठवल्या. तेवढंच उद्घाटन.

दुपारी निरोपाचं बोलणं झालं. डॉक्टरबाई चांगलं बोलल्या. काकांना बोलायचा आग्रह केला तर ते उभे राहिले, खिसे चाचपले आणि म्हणाले की मॅडम कडक होत्या, पण ह्या महिन्यात त्यांनी माझी माफी मागितली. आणि खाली बसले. सगळे अवघडले. मला ते भाषण सगळ्यांत आवडलं. ह्यांनीही मागच्या रांगेतून टाळ्या वाजवल्या आणि गर्दी नको म्हणून लवकर घरी गेले.

साडेचारला मुंगी सामान भरायला लागली. लॅपटॉप, वही, रिकामा डबा. साडेपाचची गाडी आहे, तिचंही काम आज संपलं, म्हणाली. पर्स खांद्याला लावली, खोलीत एकदा नजर फिरवली आणि दारापर्यंत गेली. मी टेबलाशी उभी होते. 'नीट जा' असं म्हणायला तोंड उघडलं.

"थांब," मी म्हटलं.

ती वळली. "कशाला?"

"माहीत नाही. थांब."

तिने पर्स काढून टेबलावर ठेवली. तिची खुर्ची निरोपाच्या कार्यक्रमाला नेलेली, परत आली नव्हती; मी स्टोअरमधून खुर्ची आणली. कुठलीतरी होती, एक पाय लंगडा. तिच्यावर मी बसले आणि चांगली तिला दिली. साडेपाच कधी होऊन गेले, दोघींनीही पाहिलं नाही. ती तेवीस वर्षांचं सांगत होती. तिची आई गेली ते वर्ष, मुलगी दूर आहे, एकदा ती ह्याच रस्त्यावरून गेली होती आणि आत यावं की नाही म्हणून फाटकापाशी बराच वेळ उभी राहिली होती. मी विचारलं, कधी? तिने वर्ष सांगितलं. त्या वर्षी मी आत इथेच होते, ह्याच टेबलाशी.

साडेसहाला सफाईच्या मावशी कुलूप घेऊन आल्या. दारातून आमच्याकडे बघत म्हणाल्या, अजून काम राहिलंय का?

"नाही," मुंगी म्हणाली. "बोलतोय."